बख्तबुलंद: दोन पातशाह्यांच्या सांदीतला राजा

तुमसरहून उत्तरेकडे निघालं की गोबरवाही, सीतासावंगी, चिखला, डोंगरी बुजुर्ग अशी गावं लागतात. नकाशावर ती गावं असली तरी इकडच्या माणसाच्या तोंडी ती आधी खाणी असतात, मग गावं. चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज हातात घेऊन पाहावं. मूठभर ढेकूळ, पण वजनाने मनगट खाली जातं, आणि ठेवून दिलं तरी तळहात काळाच राहतो. तेव्हाच्या मध्य प्रांतातल्या याच मँगनीज पट्ट्यात फिरून लुईस ली फर्मर या भूगर्भतज्ज्ञाने १९०९ साली इथल्या एका खडकाला नाव दिलं: गोंडाइट. गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांचा हा खडक. आता जगात कुठेही असा खडक सापडला, तरी पाठ्यपुस्तकात त्याचं नाव गोंडांच्या नावावरूनच लिहिलं जातं.

पण मला सांगायचं आहे ते खडकाच्या वरचं. याच तुमसर तालुक्यात, याच डोंगरांत आंबागडचा किल्ला आहे. गायमुखाच्या यात्रेला जाणारे लोक या डोंगरांतून दरवर्षी जातात. किल्ला १७०० च्या आसपासचा. तो बांधला राजाखान नावाच्या एका पठाण सुभेदाराने. त्याचा धनी होता देवगडचा गोंड राजा. त्या गोंड राजाने औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारला होता. आणि किल्ला उभा राहत होता त्याच सुमारास हा राजा छत्रपती राजारामांशी संधान बांधून त्याच औरंगजेबाविरुद्ध लढत होता.

वरची चार वाक्यं पुन्हा वाचा. पठाण, गोंड, मोगल, मराठे, सगळे एका टेकडीच्या दगडांत गुंतलेले. शाळेच्या इतिहासात आपण हे चौघे वेगवेगळ्या धड्यांत शिकलो. भंडारा जिल्ह्यात ते एकाच धड्यात आहेत, आणि त्या धड्याचा नायक आहे राजा बख्तबुलंद शाह.

देवगड म्हटलं की आपल्याला हापूस आठवतो. हे देवगड ते नव्हे. हे सातपुड्यातलं, आजच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातलं. सोळाव्या शतकात तिथे जाटबा नावाच्या गोंड राजाने गवळी राजांना हटवून आपलं राज्य उभं केलं. अकबराच्या दरबारात लिहिलेल्या आईने-अकबरीत त्याची ताकद नोंदली आहे: दोन हजार स्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभरावर हत्ती. पायदळाचा आकडा फुगवलेला असेल, असे आकडे नेहमीच फुगतात. हत्तींचा आकडा मात्र मला खरा वाटतो, कारण मोगलांचा डोळा हत्तींवरच होता आणि हत्ती मोजण्यात ते चूक करत नसत.

गोंड राज्यं तीन मोठी: मंडला, देवगड आणि चांदा. तिन्ही जंगलातली. मोगल फौजेला मैदानात कोण अडवणार? पण सातपुड्याच्या रानात तोफा ओढणं, हिवतापात माणसं टिकवणं आणि एका गढीसाठी महिनोन्महिने बसून राहणं परवडत नसे. म्हणून मोगलांनी या राज्यांशी वेगळा हिशोब ठेवला. राज्य तुमचं, पेशकश आमची. दरवर्षी रक्कम आणि हत्ती द्यायचे. दोन-चार वर्षं थकबाकी झाली की फौज यायची, बाकी वसूल करायची, फौजेचा खर्चही वसूल करायची आणि परत जायची.

१६३७ च्या जानेवारीत असाच प्रसंग आला. शाहजहानचा सरदार खान-ए-दौरान चालून आला आणि त्याने कोकशहा या देवगडच्या राजाचा एक किल्ला वेढला. भिंतींखाली सुरुंग लावून बुरूज उडवले. राजाने दीड लाख रुपये आणि १७० हत्ती दिले, तेव्हा किल्ला त्याला परत मिळाला. हा किल्ला कुठला? नागपूरचा. म्हणजे बख्तबुलंदाने १७०२ मध्ये नागपूर वसवलं असं आपण म्हणतो, त्याच्या पासष्ट वर्षं आधी नागपूर नावाच्या किल्ल्याचे बुरूज उडत होते. त्याही आधी, इसवी सन ९४० च्या राष्ट्रकूट राजा तिसऱ्या कृष्णाच्या देवळीच्या ताम्रपटात नागपूर-नंदिवर्धन हा प्रदेश येतो. नाव जुनं, जागाही जुनी. मग बख्तबुलंदाने नेमकं काय केलं, याकडे पुढे येऊ.

आता १६८६ साल. देवगडच्या गादीवरून भाऊबंदकी चाललेली. बख्तबुलंद बादशहाकडे मदत मागायला गेला. जुन्या गॅझेटियरांत तो दिल्लीला गेला आणि तिथलं वैभव पाहून दिपला असं लिहिलं आहे. हे पटत नाही. औरंगजेब तेव्हा दिल्लीत नव्हताच. १६८१ साली उत्तर सोडून तो जो दख्खनमध्ये उतरला, तो परत गेलाच नाही. १६८६ मध्ये तो विजापूरच्या वेढ्यात होता. दरबार म्हणजे तंबूंचं चालतंबोलतं शहर: बाजार, कारखाने, कचेऱ्या, तोफखाना, घोडे, उंट आणि लाखोंचा लवाजमा. गोंड राजा दिपला असेल तर तो संगमरवराने नव्हे, या कारभाराने. इतक्या माणसांना रोज दाणापाणी कोण पुरवतं, पगार कोण लिहितं, गावोगावचा वसूल कोणत्या वहीत उतरतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. पुढे त्याने जे केलं त्यावरून तरी तसंच दिसतं.

बादशहाची अट इस्लामची होती. त्याने ती मान्य केली. बख्तबुलंद, म्हणजे थोर नशिबाचा, हे नाव त्याला मिळालं आणि गादीही मिळाली. त्याने आपलीही एक अट घातली होती असं परंपरा सांगते: रोटीव्यवहार चालेल, बेटीव्यवहार नाही. पंगतीत बसू, पण सोयरीक आमच्या गोंडांतच. ही अट बोलून झाली असो वा नसो, घराण्याची वागणूक तशीच राहिली. राजे मुसलमान, पण लग्नं गोंडांत. बादशहाच्या कागदावर एक ओळख आणि सातपुड्याच्या रानात दुसरी. दोन्ही एकाच वेळी खऱ्या.

हा डाव त्याने शोधून काढला असं मात्र नाही. जगात जिथे जिथे दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये लहान डोंगरी राज्यं अडकली, तिथे तिथे तो खेळला गेला. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आर्मेनियाचं. एका बाजूला इराणचे सासानी बादशहा, दुसऱ्या बाजूला रोमचे, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचे सम्राट, आणि मध्ये डोंगरांतले आर्मेनियन सरदार, धर्माने ख्रिस्ती. इसवी सन ४५० च्या सुमारास इराणच्या दुसऱ्या यज्दगर्दने या सरदारांना दरबारात बोलावून आपला पारशी धर्म स्वीकारायला लावलं. त्यांनी मान तुकवली, घरी परतले आणि बंड केलं. वर्दान मामिकोन्यान हा त्यांचा पुढारी ४५१ मध्ये अवरायरच्या रणात पडला. वासाक स्युनी हा दुसरा मोठा सरदार इराणच्या बाजूने राहिला, आणि आर्मेनियात आजही वर्दान संत आणि वासाक फितूर. विशेष म्हणजे इराणनेही वासाकला जवळ केलं नाही. बंड शमल्यावर त्यालाच कैदेत टाकलं.

दोनशे वर्षांनी इराणची जागा अरबांनी घेतली, तेव्हा थिओडोरस रश्तुनी हा आर्मेनियन सरदार आला. हा कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने नेमलेला सेनापती. पण सम्राटाची फौज वाचवायला येत नाही हे पाहून त्याने ६५२ मध्ये सीरियाचा सुभेदार मुआविया याच्याशी परस्पर तह केला. अटी पाहण्यासारख्या आहेत: आर्मेनियाने पंधरा हजार स्वार बाळगावेत, अरबांनी आर्मेनियाच्या किल्ल्यांत आपले अमीर बसवू नयेत. सम्राट खवळून चालून आला. रश्तुनीला शेवटी अरबांचा आश्रय घ्यावा लागला आणि तो दमास्कसमध्ये वारला. पंधरा हजार स्वार बाळगण्याची अट मात्र विसरू नका. मध्ये सापडलेल्या सरदाराची खरी किंमत त्याच्या शब्दात नसते. त्याच्याजवळ फौज आहे आणि ती उद्या पलीकडे जाऊ शकते, यात ती असते.

आपल्याकडे याच जातीचं दुःखद उदाहरण सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांचं. निजामशाही, मग मोगल, मग पुन्हा निजामशाही. १६२९ साली दौलताबादच्या दरबारात निजामशहाने त्यांना मुलांसह दगाबाजीने मारलं. त्यांचेच जावई शहाजीराजे निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि पुन्हा आदिलशाही असा प्रवास करून तरले. दोघांच्या शौर्यात फरक नव्हता. फरक पडला तो वेळ साधण्यात. परत कुणाच्या दारात जायचं आणि कुणाच्या दारात चुकूनही जायचं नाही, यावर माणसाचं मरण-जगणं ठरत होतं.

बख्तबुलंदाची वेळ १६९१ मध्ये चुकली. बादशहाने त्याला गादीवरून काढलं आणि दीनदार नावाचा दुसरा मुसलमान गोंड बसवला. बख्तबुलंद छावणीतच अडकला. दीनदार म्हणजे धर्मनिष्ठ. तरी या दीनदारानेही पाच वर्षांत डोकं वर काढलं, म्हणून १६९६ मध्ये त्याला हटवून नेकनाम नावाच्या तिसऱ्याला बसवण्यात आलं. औरंगजेबाला इथे एक गोष्ट कळायला हवी होती. धर्म बदलला म्हणून पेशकश वेळेवर येत नाही. देवगडच्या राजाची अडचण धर्माची नव्हतीच. ती होती दरवर्षीच्या रकमेची आणि हत्तींची. जंगल तेवढंच, गावं तेवढीच, आणि मागणी मात्र दख्खनची लढाई लांबेल तशी वाढणारी.

बख्तबुलंद छावणीतून सुटला आणि उघड बंडाला उभा राहिला. काही काळ तो माळव्याकडे, धामोणीच्या बाजूला गेला. १६९९ पर्यंत त्याने देवगड परत घेतलं होतं, आणि त्याने मराठ्यांकडे निरोप पाठवला.

ते वर्ष डोळ्यांसमोर आणा. संभाजी महाराजांचा वध होऊन दहा वर्षं झालेली. राजाराम जिंजीहून परत आलेले. मोगल किल्ल्यांमागून किल्ले वेढत बसलेले आणि मराठे त्यांच्या मागच्या प्रदेशात घुसायच्या वाटा शोधत असलेले. १६९९ च्या अखेरीस राजारामांनी साताऱ्याहून निघून खानदेश-वऱ्हाडाच्या रोखाने मोहीम काढली. परांड्यापाशी मोगलांनी ती अडवली. पण त्याच हंगामात कृष्णाजी सावंत पंधरा हजार स्वार घेऊन नर्मदा ओलांडून गेला. मराठी फौजेने नर्मदा ओलांडल्याची ही पहिली नोंद. आणि त्याने लुटला कोणता मुलुख? धामोणीचा. बख्तबुलंद नुकताच ज्या बाजूला वावरत होता, तीच बाजू. दोन्ही गोष्टी एका धाग्यातल्या होत्या असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. नकाशा पाहिला तर मात्र योगायोग म्हणायला मन घेत नाही.

राजाराम महाराज २ मार्च १७०० रोजी सिंहगडावर वारले. बख्तबुलंद एकटा पडला, पण थांबला नाही. १७०१ मध्ये वऱ्हाडच्या मोगल फौजेशी त्याची लढाई झाली. आणि याच सुमारास औरंगजेबाने या बंडखोराला जी शिक्षा दिली, ती मोगल इतिहासातल्या विलक्षण शिक्षांपैकी एक आहे. फौज जे करू शकली नाही ते त्याने लेखणीने केलं. हुकूम निघाला: यापुढे दफ्तरात या माणसाला बख्तबुलंद म्हणायचं नाही, निगूनबख्त म्हणायचं. खालावलेल्या नशिबाचा. ऐंशीच्या पुढचा, दीड लाख फौजेचा मालक असलेला बादशहा एका जंगलातल्या राजाचं नाव खोडत बसला आहे. यातून राग दिसतो, आणि हतबलताही दिसते.

निगूनबख्ताने पुढच्या वर्षी शहर वसवलं.

आता ते "वसवणं" म्हणजे काय ते पाहू. नाग नदीच्या काठी बारा वाड्या-पाड्या होत्या. त्यांना राजापूर बारसा म्हणत. सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, हिवरी, भानखेडा, लेंढरा ही त्यातली नावं. नागपूरकराला ही नावं वाचून हसू येईल, कारण यातल्या निम्म्या नावांच्या पाट्या आजही सिटी बसवर असतात. बख्तबुलंदाने या वाड्या रस्त्यांनी जोडल्या, वस्ती एकत्र आणली आणि राजधानी डोंगरातून इथे आणायला सुरुवात केली.

माझ्या मते हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात धाडसी पाऊल होतं, लढायांपेक्षा. देवगडचा किल्ला रानात, उंचावर. तिथे बसून राजा सुरक्षित होता, पण गरीब होता. नागपूर उघड्या मैदानात. इथे मोगल घोडदळ दोन दिवसांत गळ्याशी येऊ शकतं. पण इथेच काळी जमीन, इथेच वाटा, इथेच बाजार. ज्या राजाला दरवर्षी पेशकश भरायची आहे, किंवा न भरता लढायची ताकद कमवायची आहे, त्याला हत्ती पुरत नाहीत, शेतकरी लागतात. छावणीत पाहिलेल्या वसुलाच्या वह्या त्याला इथे उपयोगी पडल्या.

म्हणून त्याने माणसं बोलावली. नागपूरचा इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याचा १८२७ चा अहवाल या राजाबद्दल मनापासून चांगलं लिहितो: हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसं कामाला घेतली, चहूकडून कष्टाळू लोक येऊन गोंडवनात वसले, गावंच्या गावं नव्याने उभी राहिली, शेती, कारागिरी आणि व्यापारही वाढला. जेंकिन्सला गोंड राजाची भाटगिरी करायचं काही कारण नव्हतं. राज्य भोसल्यांचं होतं आणि तो इंग्रजांचा माणूस होता. भंडारा, गोंदिया, बालाघाट भागातल्या पोवार समाजाच्या परंपरेतही हीच आठवण आहे. माळव्याकडून आपण आलो ते बख्तबुलंदाच्या काळात, आधी रामटेकजवळच्या नगरधनला थांबलो, मग वैनगंगेच्या खोऱ्यात पसरलो, असं ते सांगतात. तुमसर-गोंदियाच्या भातशेतीची निम्मी कथा या एका वाक्यात आहे.

आता पठाणांकडे येऊ. मंडल्याचा राजा नरेंद्रशहा याच्याविरुद्ध दोन पठाण सरदारांनी बंड केलं, तेव्हा त्याने बख्तबुलंदाची मदत मागितली. मदतीच्या बदल्यात शिवनीकडचा मुलुख देवगडला मिळाला. नवा मुलुख पाहायला राजा गेला आणि शिकार चालू असताना एका पठाणाने तलवारीने, नुसत्या तलवारीने, अस्वल मारलं. राजा इतका खूश झाला की त्याने त्या माणसाला चाकरीत घेऊन डोंगरतालचा रानटी मुलुख सांभाळायला दिला. ही कथा शिवनीच्या गॅझेटियरात आहे. अस्वल खरं की खोटं कोण जाणे, पण नेमणूक खरी. आणि तीत राजाचं शहाणपण आहे. बंड पठाणांनी केलं होतं, तरी रान राखायला त्याने पठाणच निवडला. सोयरीक नाही, भाऊबंदकी नाही, गादीवर हक्क नाही. असा माणूस फक्त धन्यावर अवलंबून असतो.

आंबागडचा राजाखान हा याच प्रकारचा सुभेदार. किल्ल्याची जागा पाहिली की त्याचं काम कळतं. उत्तरेला सातपुड्याचे उतार आणि बावनथडी नदी, दक्षिणेला वैनगंगेचं सपाट खोरं. डोंगर उतरून खोऱ्यात शिरणाऱ्या वाटांवर नजर ठेवायची, तर हीच टेकडी. नव्या शहराची पाठ राखणारी ही चौकी होती, नाहीतर मैदानात राजधानी नेण्याचा जुगार तडीस गेला नसता.

बख्तबुलंद अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकातच गेला. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला वारला. बख्तबुलंदाचा मुलगा चांदसुलतान याने नागपूरला तट बांधला आणि जुम्मा तलाव केला, तोच आजचा शुक्रवारी तलाव. चांदसुलतानानंतर पुन्हा गादीचं भांडण. वलीशहा या बख्तबुलंदाच्या दासीपुत्राने गादी बळकावली. चांदसुलतानाची विधवा राणी रतनकुंवर हिने आपल्या दोन मुलांसाठी, अकबरशहा आणि बुऱ्हाणशहा यांच्यासाठी, वऱ्हाडातून रघूजी भोसल्याला बोलावलं.

रघूजी कोण? राजारामांनी ज्या परसोजी भोसल्यांना वऱ्हाड-गोंडवनाची सनद दिली, त्यांच्याच घराण्यातला. म्हणजे एकीकडे बख्तबुलंद मराठ्यांना मदतीला बोलावत होता, आणि दुसरीकडे त्याच्या राज्याची सनद साताऱ्याच्या दरबारात कुणाला तरी दिली जात होती. मध्ये सापडलेल्या राजाला मित्र मिळतात ते असे. राणीने रघूजीला तिसरा मुलगा मानलं आणि राज्याचा तिसरा हिस्सा दिला. पुढे भावाभावांत फाटलं. अकबरशहा हैदराबादच्या निजामाच्या आश्रयाला गेला आणि तिकडेच विषप्रयोगाने मेला. १७४३ पासून नागपूरचा खरा धनी रघूजी झाला.

इथे पुन्हा त्या अस्वल मारणाऱ्या पठाणाचं घराणं येतं. डोंगरतालच्या घराण्यातल्या महंमदखानाने देवगडच्या नावाने साकोलीजवळची सानगडी रघूजीविरुद्ध तीन वर्षं लढवली. धनी राहिला नव्हता, राजधानी गेली होती, राजा रघूजीच्या पंखाखाली होता, तरी हा गढी सोडेना. शेवटी रघूजीने निरोप पाठवला: निष्ठा पाहिली, आता गढी दे, शिवनीचा मुलुख आणि दिवाण ही पदवी घे. महंमदखानाने गढी दिली आणि तो शिवनीचा दिवाण झाला. सानगडीत तीन वर्षं अडून बसला म्हणूनच त्याला ती किंमत मिळाली. पहिल्या महिन्यात दार उघडलं असतं तर फार तर एक घोडा आणि शेला मिळाला असता.

आंबागड भोसल्यांच्या हाती गेला आणि तुरुंग झाला. आतल्या विहिरीचं साचून कुजलेलं पाणी कैद्यांना प्यायला लावत, आणि त्यातच ते मरत, अशी नोंद भंडाऱ्याच्या जुन्या गॅझेटियरात आहे. किल्ल्याबद्दल परिसरात जी भीती सांगितली जाते ती बहुधा या काळातली असावी, गोंडकाळातली नव्हे.

बख्तबुलंदाला पक्षबदलू म्हणणारे आहेत आणि आद्य स्वातंत्र्यवीर म्हणणारेही. मला दोन्ही पटत नाहीत. तो बादशहाकडे गेला ते गादीसाठी, मराठ्यांकडे गेला तेही गादीसाठी. त्याने कुणाशी कायमची निष्ठा ठेवली नाही, कारण त्याच्याशीही कुणी ठेवली नव्हती. पण या ओढाताणीत त्याला जी दहा-पंधरा वर्षं मिळाली, ती त्याने नुसती जीव वाचवण्यात घालवली नाहीत. वर्दान मामिकोन्यान लढून अमर झाला, रश्तुनी तह करून परक्या शहरात मेला. शहर वसवून गेला तो हा एकच.

रघूजीने बुऱ्हाणशहाला गादीवरून काढलं नाही. राजा ही पदवी, नागपूरच्या किल्ल्यातला वाडा आणि तनखा देऊन त्याला ठेवलं. भोसल्यांच्या नव्या राजाच्या कपाळी टिळा लावण्याचा मान गोंड राजाचा राहिला, वसुलाच्या काही कागदांवर त्याची मोहोरही लागत असे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी औरस वारसाविना वारले आणि डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. गोंड राजाचा तनखा मात्र इंग्रजांनीही चालू ठेवला.